वेरिबीचा वेराक्रूझकर

दिगंबर खैरनार कोणाच्याही घरी प्रथम गेले की बूट काढण्यापूर्वी उजव्या टाचेने जमिनीवर ठोके देत असत. आमच्याकडेही दिले. माझी सून प्राजक्ता पाण्याचा पेला घेऊन उभी होती. खैरनारांनी मान तिरकी करून ऐकले आणि वैद्याने वाईट बातमी सांगावी अशा स्वरात म्हणाले, "मुकी आहे."

प्राजक्ता दचकली. आमच्या घरात मुके असे कोणी नाही.

"जमीन हो, सूनबाई. खाली सगळं काँक्रीट, वरून लाकडाचा नुसता मुलामा. हिच्यावर कोणी जन्मभर नाचलं तरी शेजाऱ्याला कळायचं नाही."

"शेजाऱ्याला कळायला कशाला हवे?" मी विचारले.

"हे तुम्ही विचारताय, म्हणजे तुमच्यावर बरंच काम करावं लागणार," असे म्हणून ते सोफ्यावर बसले. आमचा परिचय हा असा झाला.

मी महाराष्ट्रात शाळा तपासत असे. निवृत्तीनंतर मुलाकडे, मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी येथे राहतो. खैरनार मला 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणत. त्यामुळे आमच्या गल्लीतले निम्मे लोक मला निवृत्त पोलीस अधिकारी समजतात. मी तो गैरसमज दूर केलेला नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याचे डबे वेळेवर आत जातात.

खैरनारांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. त्यांना स्वतःला ते कधी एका वाक्यात सांगता आले नाही. म्हणणे असे: जगाला वेड लावणारे जे रॉक अँड रोल, त्याच्या अंगात मेक्सिकोच्या खेड्यांतल्या लोकसंगीताचे रक्त आहे, आणि जगाने त्या आईचे नाव लावलेले नाही.

मला संगीतातले कळत नाही, आणि कळते असे मी कधी भासवलेले नाही. तरी अचूकतेसाठी मी म्हणालो, "ते संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे, असे मी वाचले आहे."

"बरोबर वाचलंय. ते वडील. मी आईबद्दल बोलतोय." मग थोडे थांबून, "आणि वडिलांचं नाव तरी कोणी धड लावलं, साहेब? पण एकेक केस घेऊ."

खैरनार मूळचे मालेगावकडचे. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. तरुणपणी मालवाहू जहाजावर इंजिनिअर असताना मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदरात जहाजाचे इंजिन बसले, आणि सुटा भाग येईपर्यंत काही महिने मुक्काम पडला. बाकीच्या मंडळींनी तो काळ कसा घालवला हे ते सांगत नसत. स्वतः ते एका सुताराकडे जाऊन बसले. हा सुतार अखंड लाकूड कोरून हातभर लांबीची गिटार घडवीत असे. तिला तिकडे हाराना म्हणतात. खैरनारांनी ती वाजवायला शिकून घेतली आणि एक विकतही घेतली.

तिथे लग्नकार्यात लोक एका बुटक्या लाकडी मंचाभोवती जमतात. मंच आतून पोकळ असतो. वादक भोवती उभे राहतात; बाया-माणसे वर चढून टाचांनी ठोका धरतात. वेगळा ढोल नसतो. नाचणारा हाच ढोल. प्रेक्षक ही जातच नसते. आला तो वाजवतो, गातो किंवा नाचतो. या मेळ्याला फान्दांगो म्हणतात. त्याचा मोठा नियम असा, की कोणी वाजवत असताना मंच रिकामा ठेवायचा नाही. एक दमला की दुसऱ्याने चढायचे.

"आणि तिथलं एक जुनं लग्नातलं गाणं," खैरनार सांगत, "नुसते तीन स्वरमेळ. गरगर, गरगर, थांबायचं नाव नाही. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्तीतल्या पोरांनी ते विजेच्या गिटारवर चढवलं. झालं! ज्याला त्याला ते चाक आपल्या गाडीला हवं झालं. गाड्या जगभर धावल्या. चाक कोणी बनवलं, विचारलं का कुणी?"

करोनाच्या त्या वर्षी मेलबर्न बंद होते. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचे नाही, कोणी कोणाकडे जायचे नाही, बोलायचे ते मास्क लावून कुंपणावरून. आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या सभा संगणकावर भरत. मी अध्यक्ष होतो. मधुमेहावरचे व्याख्यान ऐनवेळी रद्द झाले म्हणून ती वेळ मी खैरनारांना दिली.

त्यांचे पहिलेच वाक्य होते, "मंडळी, आपण सगळे चोरीचा माल ऐकत आलोय."

देशपांडे हे आमच्या मंडळातले रसिक. कॉलेजच्या दिवसांपासून इंग्रजी रेकॉर्डी जमवणारे. ते उसळले. "अहो खैरनार, आम्ही यावर नाचलोय! अमेरिकनच आहे ते."

"नाचलात तेव्हा पाय कुठे होते?"

"जमिनीवर! दुसरीकडे कुठे असणार?"

"कसल्या जमिनीवर? फरशीच्या. म्हणूनच कळलं नाही."

प्रात्यक्षिकासाठी खैरनार उठले आणि टेबलाशेजारच्या खोक्यावर त्यांनी टाच आपटली. संगणक उताणा पडला. उरलेला सगळा वेळ आम्ही त्यांच्या छताकडे पाहत होतो. व्याख्यान मात्र अखंड चालू होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कुलकर्णीबाईंनी विचारले, "याने गुडघ्यांना काही फायदा होतो का?"

"नाही," छतातून उत्तर आले. "तोटा होतो. पण करावं."

त्यानंतर त्यांनी गाडी बाहेर काढली आणि आमच्या गल्लीतल्याच आपल्या घराच्या गॅरेजात काम सुरू केले. दिवसभर करवत चाले. पलीकडचा शेजारी ग्लेन याने मला कुंपणावरून विचारले, "काय बांधतोय तो? डेक?"

"ड्रम," मी म्हणालो.

"किती मोठा?"

"वर उभे राहता येईल इतका."

ग्लेनने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "नो वरीज, मेट." या देशात पुष्कळशा गोष्टी या शब्दांवर मिटतात.

मंच तयार झाला. बुटका, भक्कम, बाजूंना आवाज बाहेर पडण्यासाठी गोल भोके. खैरनारांनी गॅरेजचे दार वर केले आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मला ओरडून सांगितले, "लाकूड ऑस्ट्रेलियाचं, ठोका मेक्सिकोचा, टाच मालेगावची! ऐका!" जहाजावरच्या जुन्या बुटांच्या टाचांना त्यांनी खिळे ठोकले होते. तो आवाज आमच्या गल्लीत कुत्र्यांनीही मान्य केला, कारण ती भुंकायची थांबली.

हा उद्योग केवळ हौसेचा नव्हता, हे मला नंतर कळले.

खैरनार एकटे राहत. पत्नीला जाऊन काही वर्षे झाली होती. मुलगा निखिल सिडनीला, स्कोफिल्ड्समध्ये; संगणकातली नोकरी. लहानपणी त्याच्या हाती खैरनारांनी हाराना दिली होती, ती त्याने लवकरच खाली ठेवली. निखिलची मुलगी इरा मात्र गिटार वाजवत असे, आणि विजेची. बारावीला तिने संगीत हा विषय घेतला होता. महासाथीत तिच्या बँडमधली ड्रम वाजवणारी मुलगी आईवडिलांबरोबर पर्थला गेली, सीमा बंद झाल्या आणि ती तिकडेच राहिली. शाळेला तर सादरीकरणाचे चित्रीकरण हवे होते. इराने गिटार पलंगाखाली सारली आणि विषय सोडते म्हणाली. निखिलला ते ऐकून बरे वाटले. गणिताकडे लक्ष देईल, असे तो म्हणाला.

"या घरात ते मी आणलं," खैरनार मला कुंपणाशी म्हणाले. "निखिलने ठेवून दिलं. आता हिने ठेवलं तर माझ्याबरोबर संपलं, साहेब." लगेच ते ग्लेनने दिलेल्या लिंबांविषयी बोलू लागले.

त्यांनी इराला फोन लावला तेव्हा गॅरेजचे दार उघडे होते आणि फोनचा आवाज मोठा होता. त्यामुळे संभाषण आम्हा सर्वांचेच झाले.

"ड्रमर नाही म्हणून रडतेस? मी आहे की."

"आजोबा, यू आर इन वेरिबी."

"मग?"

"अँड यू आर ओव्हर सेव्हन्टी."

"मग?"

"यू आर सो एक्स्ट्रा, आजोबा! अतीच करता!" पण ती हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली, असे निखिलने मागाहून कळवले.

सराव सुरू झाला. समोर स्टुलावर संगणक, पडद्यावर इरा, मंचावर खैरनार. आणि तिथेच सगळे अडले.

"आजोबा, तुम्ही लेट आहात."

"मी लेट? मी जहाजाचं इंजिन सांभाळलंय. तू लेट आहेस."

"आय अ‍ॅम नॉट! तुम्ही ऐका तरी!"

"ऐकतोय म्हणूनच सांगतोय!"

दोघेही खरे बोलत होते. वेरिबीचा ठोका स्कोफिल्ड्सला पोहोचायला जरासा वेळ लागे, आणि तिथली तार इकडे यायला तेवढाच. ती त्यांच्या ठोक्याबरोबर वाजवी, ते यांना उशिरा ऐकू येई. मग हे तिच्यासाठी थांबत. हे थांबले म्हणून ती थांबे. एकमेकांना सांभाळण्यात दोघांची गती इतकी उतरे की लग्नातले संगीत शेवटी अंत्ययात्रेला शोभेल असे होई.

"फर्गेट इट," एके दिवशी इरा म्हणाली. "इट्स नॉट वर्किंग. मी सरांना सांगते, आय अ‍ॅम ड्रॉपिंग इट." पडदा काळा झाला.

त्यानंतर काही दिवस गॅरेज बंद होते. ग्लेनने मला विचारले, "इज ही ओके?" मी कुंपणावरून हाक मारली. खैरनार बाहेर आले, पण बोलले नाहीत. त्यांना गप्प पाहण्याचा तो माझा पहिला प्रसंग. मला तो आवडला नाही.

आणि मग एका दुपारी टाचा पुन्हा सुरू झाल्या. जोरदार, भरधाव, कुठेही न रेंगाळता. दुसऱ्या दिवशीही. रोज. वाद ऐकू येईनासे झाले. इराचा आवाजही ऐकू येईना. मला वाटले, मुलीने विषय सोडला आणि म्हातारा एकटाच नाचतो आहे.

त्याच सुमारास सरकारने नवा नियम काढला. एकट्या राहणाऱ्या माणसाला घरी येण्यासाठी एक व्यक्ती निवडता येणार होती. खैरनार इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणापाशी आले.

"साहेब, सरकारने मला एक माणूस मंजूर केलाय."

"अभिनंदन."

"तुम्ही व्हाल का?"

"देशपांड्यांना विचारा. त्यांना संगीत कळते."

"म्हणून तर नको."

मी होकार दिला. प्राजक्ता म्हणाली, "बाबा, स्थळ चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी मास्क लावून, घडीची खुर्ची घेऊन मी गॅरेजात गेलो. खैरनार मंचावर होते. समोर संगणक होता आणि पडद्यावर इरा गिटार वाजवत होती. बोटे वेगाने फिरत होती, एक पाय खाली ताल धरत होता. पण गॅरेजात तिचा एकही स्वर नव्हता. फक्त टाचा वाजत होत्या.

या वयात यंत्रांची अशी चूक होते. मी मोठ्याने म्हणालो, "खैरनार, आवाज बंद आहे."

त्यांनी बोट ओठांवर ठेवले. नाच थांबवला नाही. संपल्यावर इराने अंगठा उंचावला, यांनी अंगठा उंचावला आणि पडदा मिटला. मग ते घाम पुसत मंचाच्या कडेला बसले.

"बंद नाही. बंद केलाय."

"का?"

"ऐकायला लागलो की मी तिच्यासाठी थांबतो. मी थांबलो की ती थांबते. मग दोघं बुडतो. म्हणून पोरीला फोन करून सांगितलं, आता मी ऐकायचंच नाही. मी माझं सरळ चालवायचं. माझा ठोका तिच्याकडे पोहोचतो, ती त्यावर वाजवते. तिच्या खोलीत दोन्ही बरोबर पडतं. तिथे पडलं की झालं."

"मग ठोके ध्वनिमुद्रित करून पाठवा. गुडघे तरी वाचतील."

"पाठवले होते. त्याच्यासमोरून ती अर्ध्यात उठून गेली. यंत्रासमोरून उठता येतं, साहेब. माणूस नाचत असताना उठता येत नाही. तो नियमच आहे."

मी विचारले, "म्हणजे आपल्या नातीचे वाजवणे आपण ऐकलेलेच नाही?"

"बघतो ना. तिचा पाय बघा तुम्ही उद्या. माझ्या मागे आहे, पण रोज तितकाच मागे आहे. जवळ येत नाही, लांब जात नाही. म्हणजे लय पक्की आहे!" हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती की जणू ते गच्च भरलेल्या सभागृहातून बाहेर येत होते.

मी आयुष्यभर मुलांची परीक्षा घेणारी माणसे पाहिली. निकाल कानावर येऊ न देता रोज घामाघूम होणारा शिक्षक मी पाहिला नव्हता. तसे मी त्यांना सांगितले नाही. पुढच्या दिवशी खुर्ची थोडी पुढे घेऊन बसलो आणि इराचा पाय पाहू लागलो.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी दाढी केली, बुटांना पॉलिश केले. पडद्यावर निखिल कॅमेरा लावताना दिसला. इरा उभी राहिली आणि वाजवण्यापूर्वी कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलू लागली.

"काय म्हणतेय?" खैरनारांनी मला विचारले.

"आवाज बंद आहे."

"हो. हो, खरंच."

तिने मान हलवली आणि खैरनार सुरू झाले. मी त्यांना अनेकदा पाहिले होते, पण त्या दिवशी त्या मंचावर मालेगाव, वेराक्रूझ आणि वेरिबी ही तिन्ही गावे एकदम उभी होती. ग्लेन कुंपणावर हात ठेवून ऐकत होता. रस्त्यावरून फिरायला निघालेली माणसे अंतर राखून थांबली होती. आणि उत्तरार्धात खैरनारांचा डावा गुडघा वाकला. टाच घसरली. त्यांनी भिंतीवरच्या फडताळाला धरले, तोंड वाकडे केले, पुन्हा सरळ झाले आणि ठोका उचलला. शेवटपर्यंत नाचले.

पडदा मिटताच ते मंचावर बसले.

"घालवलं मी, साहेब. पोरीचं घालवलं."

"पुन्हा करता येईल."

"या पायाने?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. तो सुजू लागला होता.

चार-दोन दिवस ते फोन खिशात घेऊन हिंडत होते. निखिलने चित्रीकरण पाठवले होते. त्याखाली लिहिले होते, 'शाळेला दिलं. आता पुढेही म्युझिकच घेणार म्हणतेय. पप्पा, तुम्ही समजवा तिला.' खैरनारांनी उत्तर पाठवले होते, 'समजावतो.' मूळ चित्रीकरण त्यांनी उघडलेच नव्हते.

शेवटी ते मला म्हणाले, "तुम्ही बसा. मग लावतो."

मी बसलो. त्यांनी फोन मंचावर ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन, पाठ करून उभे राहिले.

प्रथम इराचा आवाज आला. स्वच्छ, न अडखळणारा. "धिस बीट कम्स फ्रॉम वेराक्रूझ. पीपल डान्स्ड इट ऑन वुड, लाँग बिफोर एनीवन कॉल्ड इट रॉक अँड रोल. माय ड्रमर इज माय आजोबा. ही इज इन लॉकडाउन इन मेलबर्न अँड ही कान्ट हिअर मी. सो ही इज बीइंग व्हेरी ब्रेव्ह."

मग ते दोन्ही एकदम सुरू झाले. खैरनारांच्या टाचा मी रोज ऐकत होतो. त्यांच्यावर आता तारा चढल्या होत्या. एकही ठोका मागे नव्हता, एकही पुढे नव्हता. मला संगीतातले कळत नाही. माझी मान मात्र ताठ झाली होती, एवढे मला आठवते.

उत्तरार्ध आला. टाच घसरली. ठोके थांबले.

तारा थांबल्या नाहीत. इराने तिथेच, त्याच स्वरमेळावर हात फिरता ठेवला. पुढे गेली नाही, सोडलेही नाही. गोल, गोल, गोल. टाचेचा पहिला ठोका परत येताच ती त्यावर उतरली, आणि दोघे बरोबर पुढे निघाले. जणू ते मुळातच तसे बसवले होते.

चित्रफीत संपली.

"थांबली ती," खैरनार रस्त्याकडे पाहत म्हणाले. "माझ्यासाठी थांबली. बोललीसुद्धा नाही मला." मग वळून, अगदी खरोखर जाणून घ्यायचे असावे तसे त्यांनी विचारले, "असं थांबायला कुणी शिकवलं हिला?"

"आपण," मी म्हणालो.

"मी कुठला, साहेब? मी तर ऐकतच नव्हतो."